उन्हाळ्यात जुनी गाडी घाटात बंद पडू नये म्हणून: टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची तयारी

मे महिना, दुपारचे अडीच, कसारा घाटाची चढण आणि पुढे ट्रकांची रांग. दुसऱ्या गिअरमध्ये रखडत चाललेली बाबांची १९९२ची प्रीमियर पद्मिनी घाटनदेवी जवळ आली असताना दोनदा अडखळली आणि बंद पडली. तापमानाचा काटा मधोमध होता. टाकीत वीसेक लिटर पेट्रोल होतं. बॅटरी नवी होती, सेल्फ जोरात फिरत होता, पण इंजिन काही घेईना. मागच्या चाकांना दगड लावून आम्ही कठड्याच्या सावलीत बसलो. एक वयस्क टॅक्सीवाले थांबले. त्यांनी बॉनेट उघडून नुसतं पाहिलं आणि बाबांना म्हणाले, "साहेब, कशालाही हात लावू नका. पंपाला ओलं फडकं गुंडाळा आणि अर्धा तास गप्प बसा." अर्ध्या तासानं गाडी दुसऱ्या सेल्फला सुरू झाली.

पुढची दोन वर्षं आम्ही या दुखण्याच्या मागे होतो. एका गॅरेजनं कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, साफ केला, मग तोच बदलला, मग ठिणगीला करंट देणारी कॉइल बदलली. दर मे महिन्यात गाडी पुन्हा तशीच थांबायची. शेवटी अकोल्यात एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडीखाली शिरून टाकीच्या तोंडाशी असलेला वीतभर रबरी पाइप काढला, तो माझ्यासमोर वाकवला आणि त्यावरच्या बारीक चिरा दाखवल्या. "ताई, बिमारी मांगं हाय, अन् तुम्ही दवाई पुढं लावून राह्यल्या." त्या चिरांतून पेट्रोल बाहेर गळत नव्हतं, म्हणून कुणाला दिसत नव्हतं. हवा मात्र आत जात होती. पाइप आणि दोन क्लिपा बदलल्या आणि ते दुखणं गेलं.

तेव्हापासून ही गाडी मी सांभाळते. उन्हाळ्याआधीची सगळी तयारी मी टाकीकडून सुरू करते आणि कार्बोरेटरला सगळ्यात शेवटी हात लावते. खाली दिलंय ते त्याच क्रमानं. पद्मिनी, अॅम्बेसेडर, कार्बोरेटरवाली मारुती ८०० किंवा ओम्नी, म्हणजे ज्या गाडीत इंजिनवर चालणारा पेट्रोल पंप आणि कार्बोरेटर आहे, त्या सगळ्यांना हे लागू पडेल. इंजेक्शनच्या जुन्या गाड्यांबद्दल पुढे थोडं वेगळं लिहिलं आहे.

पेट्रोल उकळतं म्हणजे काय

पाणी १०० अंशांना उकळतं, तसा पेट्रोलचा एकच आकडा नसतो. पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण आहे. त्यातले सगळ्यात हलके घटक साधारण ३५ ते ४० अंशांपासूनच वाफ व्हायला लागतात आणि सगळ्यात जड घटकांना दोनशेच्या आसपास अंश लागतात. अकोला, नागपूर, चंद्रपूरला मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात. बॉनेटखाली, मॅनिफोल्डच्या (इंजिनला जोडलेल्या जाड नळ्यांच्या) शेजारी, त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे पाइपातल्या पेट्रोलचा काही भाग वाफ होणारच. प्रश्न एवढाच असतो की ती वाफ कुठे होते आणि किती होते.

इथे पंपाचं काम नीट समजून घेतलं पाहिजे, कारण सगळा लेख त्यावर उभा आहे. जुन्या गाडीत टाकी मागे, पंप पुढे इंजिनवर. पंप पेट्रोल मागून ओढतो. ओढताना टाकी ते पंप या पाइपात दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की कुठलाही द्रव कमी तापमानालाच उकळतो. पंपापासून कार्बोरेटरपर्यंतच्या पाइपात उलट थोडा जास्त दाब असतो, त्यामुळे तिथलं पेट्रोल जास्त उष्णता सहन करतं. म्हणून वाफेचा अडथळा, ज्याला सगळे व्हेपर लॉक म्हणतात, बहुतेक वेळा पंपाच्या मागच्या बाजूला किंवा पंपाच्या पोटातच तयार होतो. पंपातला लवचीक पडदा, म्हणजे डायफ्राम, वाफ नुसती दाबतो आणि सोडतो, पुढे पेट्रोल जात नाही.

मागच्या बाजूला जे काही ओढ वाढवतं ते सगळं व्हेपर लॉकला मदत करतं: तुंबलेला फिल्टर, चेपलेली नळी, टाकीच्या झाकणाचं बुजलेलं छिद्र, हवा घेणारा जुना पाइप. घाटात आणखी एक भर पडते. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा साधारण १५ टक्के कमी असतो. इंजिनवर ताण जास्त, वेग कमी म्हणून वारा कमी, आणि वर हा घटलेला दाब. गाड्या घाटातच का थांबतात याचं उत्तर या तिन्हींत मिळून आहे.

आधी रोग ओळखा

गरम गाडी सुरू होत नाही याची तीन वेगवेगळी कारणं असतात आणि तिन्ही बाहेरून सारखीच दिसतात. एक, व्हेपर लॉक: कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोहोचतच नाही. दोन, ओव्हर होणं: गाडी उभी केल्यावर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल इंजिनच्या उष्णतेनं उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरतं आणि प्लग ओले होतात. तीन, पेट्रोलचा काहीच संबंध नाही. कॉइल किंवा कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देतो, ठिणगी पडत नाही, आणि थंड झाला की पुन्हा शहाण्यासारखा वागतो. आमची कॉइल याच गोंधळात बदलली गेली.

फरक ओळखायची सोपी चाचणी अशी. इंजिन बंद, चावी काढलेली. एअर क्लीनरचं झाकण काढा. चोकची, म्हणजे हवा अडवणारी, पाकळी उघडी ठेवून कार्बोरेटरच्या तोंडात वरून बघा आणि हातानं अॅक्सिलरेटरची तार एकदा ओढा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडली तर वाटीत पेट्रोल आहे. पिचकारी नाही आणि आतलं सगळं कोरडं, तर पेट्रोल येत नाहीये: व्हेपर लॉक किंवा पंप. आत सगळं ओलं, थेंब गळताहेत, वास नाकात भरतोय, तर ओव्हर झालंय. पिचकारी नीट आहे आणि वासही विशेष नाही, तर करंट तपासा. पेट्रोलचा वास येत असताना मात्र प्लग काढून ठिणगी बघायच्या भानगडीत पडू नका. आणि कुणी सेल्फ मारत असताना कार्बोरेटरवर तोंड नेऊ नका. उलटा भडका आला तर चेहऱ्यावर येतो.

बाहेरची लक्षणंही बोलतात. चालता चालता, चढावर, जोर मागितल्यावर अडखळून बंद पडली तर संशय व्हेपर लॉकवर. चांगली चालत आली, जेवायला थांबलात, पंधरा-वीस मिनिटांनी सुरू होईना, तर बहुधा ओव्हर. इंजिन बंद केल्यावर पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, आणि लोखंडात साठलेली उष्णता वर चढते. म्हणून बंद केल्यानंतरची पहिली पंधरा ते तीस मिनिटं कार्बोरेटरसाठी सगळ्यात वाईट.

पहिली पायरी: टाकी आणि झाकण

झाकणापासून सुरुवात करा, कारण त्याला काहीच खर्च नाही. टाकीतून पेट्रोल गेलं की तेवढी हवा आत यावी लागते. ती वाट झाकणाच्या छिद्रातून किंवा वेगळ्या नळीतून असते. बुजली तर टाकीत निर्वात होतं आणि पंपाला दुप्पट ओढावं लागतं. तासभर चालवून आल्यावर झाकण उघडा. जोरात हवा आत ओढल्याचा आवाज आला तर वाट बुजली आहे. रस्त्यात गाडी बंद पडली तरी हे झाकण आधी उघडून बघा. बाजारात मिळणारं साधं बंद झाकण मूळ झाकणाच्या जागी लावलेलं असेल, तर तेच कारण असू शकतं.

टाकी काठोकाठ भरू नका. पेट्रोल दर अंशाला साधारण ०.१ टक्का फुगतं. सकाळी ३५ लिटर भरलं आणि गाडी उन्हात १५ अंशांनी तापली तर अर्ध्या लिटरहून जास्त वाढ होते. ती कुठेतरी जाणारच. पंपावरचं नोझल आपोआप थांबलं की तिथेच थांबा. उलट टोकही नको. चतुर्थांशाच्या खाली टाकी गेली की उरलेलं थोडं पेट्रोल लवकर तापतं आणि तळाचा गाळही ओढला जातो. उन्हाळ्याच्या प्रवासात मी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही.

दुसरी पायरी: टाकी ते पंप, इंच न् इंच

या कामाला एक पूर्ण सकाळ द्या. गाडी थंड असताना, शक्यतो उघड्यावर, बॅटरीची केबल काढून. जॅकवर उचललेल्या गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच जाऊ नका, स्टँड लावा.

टाकीच्या तोंडाशी, फरशीखाली जिथे लोखंडी नळी तुटते तिथे, आणि पुढे पंपापाशी असे रबरी पाइपाचे तुकडे असतात. प्रत्येक तुकडा हातात घेऊन वाकवा. चिरा दिसल्या, फुगलेला वाटला, बोटाला चिकट काळं लागलं किंवा टोकाशी लाकडासारखा कडक झाला, तर बदला. एक खराब निघाला तर सगळे एकाच वयाचे आहेत असं धरून सगळेच बदला. खर्च फार नाही. आणि पाइप मीटरवर घेताना दुकानदाराला 'पेट्रोल पाइप द्या' एवढंच म्हणू नका. पाइपावर एसएई जे३० आर९ असं छापलेलं बघून घ्या. हा पाइप इथेनॉलला टिकतो आणि इंजेक्शनचा दाबही सहन करतो. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी दिसायला छान असते, आतलं पेट्रोल दिसतं, पण बॉनेटच्या उष्णतेत ती मऊ पडते आणि नंतर कडक होऊन तडकते. बॉनेटखाली ती लावू नका.

क्लिपांचं तसंच. करकचून आवळायच्या जुन्या पट्टीच्या क्लिपा नव्या पाइपात रुततात आणि तिथूनच पुढच्या वर्षी चीर जाते. पेट्रोल पाइपासाठी गोल आवळणाऱ्या, काठ वळवलेल्या छोट्या क्लिपा मिळतात, त्या घ्या. पाइप नळीवर किमान दोन-अडीच सेंटिमीटर आत गेला पाहिजे.

लोखंडी नळी फरशीखाली कुठे चेपली आहे का बघा. पूर्वी कुणी जॅक चुकीच्या जागी लावला असेल तर तिथे ती अर्धी बसलेली असते. सायलेन्सरच्या पाइपाला लागून जात असेल तर तिच्या क्लिपा सरकवून चार-पाच सेंटिमीटर अंतर करा. अंतर करता येत नसेल तिथे काचतंतूचं अस्तर आणि वर चकचकीत अॅल्युमिनियम असलेली उष्णतारोधक बाही चढवा. स्वयंपाकघरातली फॉइल नुसती गुंडाळून उपयोग नाही. धातू धातूला चिकटला की उष्णता सरळ आत जाते. जुन्या गाड्यांवर कधी कधी पांढरट दोरीसारखं काही गुंडाळलेलं आढळतं. ते अॅस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं खरवडू नका, त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

फिल्टर दरवर्षी होळीच्या आसपास बदलावा. तो टाकी आणि पंप यांच्यामध्ये असेल तर त्याचा तुंबारा थेट ओढ वाढवतो. तो मॅनिफोल्डपासून दूर, वाऱ्याच्या वाटेत बांधा. उन्हात पारदर्शक फिल्टर अर्धाच भरलेला दिसतो, आणि पुष्कळ लोक ते बघूनच घाबरतात. गाडी नीट चालत असेल तर त्यात काही बिघाड नाही. सतत बुडबुड्यांची माळ दिसत असेल तर मात्र मागे कुठेतरी हवा घेतेय.

तिसरी पायरी: पंप

थंड इंजिनवर कॉइलची मुख्य तार काढून ठेवा, कार्बोरेटरकडचा पाइप सोडवून एका काचेच्या बाटलीत धरा आणि सोबतच्याला दहा सेकंद सेल्फ मारायला सांगा. पेट्रोल झटक्या-झटक्यानं, जोरात आणि बुडबुड्यांशिवाय आलं पाहिजे. बुडबुडे आले तर पुन्हा दुसऱ्या पायरीकडे. धार मंद असेल तर पंपाचे व्हॉल्व्ह किंवा डायफ्राम. शेजारी आग विझवायचं सिलिंडर ठेवूनच हे करा.

इंजिन ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल किंवा ऑइलची पातळी वाढली असेल तर डायफ्राम फाटलाय आणि पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतंय. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका. पंपाची दुरुस्ती किट स्वस्त मिळते, पण आतलं रबर इथेनॉल सहन करणारं आहे का हे विचारून घ्या. स्वस्तातली किट एका उन्हाळ्यात कडक होते.

बऱ्याच जुन्या इंजिनांत पंप आणि ब्लॉकच्या मध्ये एक जाड काळा बॅकेलाइटचा ठोकळा असतो. तो इंजिनची उष्णता पंपापर्यंत जाऊ देत नाही. पंप बदलताना तो हरवतो किंवा फुटतो आणि कुणी त्याजागी नुसतं कागदी पॅकिंग लावून देतं. तसं असेल तर ठोकळा शोधून आणा. एक सावधगिरी: आणखी थंड राहावा म्हणून दोन ठोकळे लावू नका. पंप ढकलणाऱ्या कांडीचा फटका त्या जाडीवर ठरतो. जाडी वाढली की फटका कमी होतो आणि पंप पेट्रोलच कमी देतो.

काही पंपांना तीन नळ्या असतात. तिसरी नळी जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेते. ही परतीची वाट उन्हाळ्यात फार मोलाची, कारण ती पंपात सतत मागचं थंड पेट्रोल खेळतं ठेवते. मिस्त्री कधी कधी ती 'लागत नाही' म्हणून बुजवतात. तुमच्या गाडीत ती मूळची असेल तर उघडी करा, टाकीपर्यंत फुंकून बघा.

चौथी पायरी: कार्बोरेटरभोवतीची उष्णता

कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्येही तसाच उष्णतारोधक तुकडा असतो. तो नीट असेल तर ओव्हर होण्याची निम्मी कटकट कमी होते. दोन्ही बाजूंना नवं पॅकिंग लावा आणि नट आळीपाळीनं, बेतानं आवळा. फार आवळलं की कार्बोरेटरचा तळ वाकतो आणि तिथून हवा घ्यायला लागतो. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर मूळचा पत्रा होता आणि आता नाही, असं आढळलं तर अॅल्युमिनियमचा पत्रा कापून मध्ये बोटभर मोकळी हवा राहील असा बसवा.

वाटीत तरंगणाऱ्या फ्लोटची पातळी पुस्तकात दिलीय तेवढीच ठेवा. पातळी जास्त असेल तर उकळताना पेट्रोल लगेच उतू जातं. वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी निडल झिजली असेल तर बदला. जेटला, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राला, तारेनं टोचू नका.

इग्निशनचं टायमिंग मागे असेल तर पेटलेला वायू सायलेन्सरमध्येच जळत राहतो आणि मॅनिफोल्ड लालबुंद होतो. मिश्रण फार पातळ असेल तरी तेच. प्लग काढून बघा: बिस्किटासारखा फिका तपकिरी रंग चांगला, पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय.

रेडिएटरबद्दल थोडक्यात. ही पेट्रोलची यंत्रणा नव्हे, पण बॉनेटखालची उष्णता तिथूनच ठरते. जाळीतले किडे आणि धूळ मागून पुढे पाण्याच्या हलक्या धारेनं काढा, कूलंट बदला, फॅन बेल्ट अंगठ्यानं दाबल्यावर सेंटिमीटरभरच दबतो का बघा. जाळीपुढे लावलेले जादा दिवे आणि हॉर्न वारा अडवतात, ते बाजूला करा. आणि थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडची जुनी सवय सोडा. खराब असेल तर नवा बसवा.

ई२० आणि जुनं रबर

जून २०२२मध्ये देशात पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट गाठलं गेलं, फेब्रुवारी २०२३मध्ये ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, विक्रीला आलं, आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. जुन्या गाडीच्या मालकानं याच्याकडे डोळेझाक करू नये.

इथेनॉल स्वतः ७८ अंशांना उकळतं, पण थोड्या प्रमाणात पेट्रोलमध्ये मिसळलं की मिश्रणाची वाफ होण्याची ओढ वाढते. म्हणजे जो पाइप पूर्वी कसाबसा निभावत होता तो आता निभावणार नाही. जुनं रबर, कॉर्कचं पॅकिंग, डायफ्राम आणि टाकीच्या तळाला दिलेले जुने लेप इथेनॉलनं फुगतात किंवा सुटतात. टाकीच्या भिंतींवर वर्षानुवर्षं बसलेला गाळही ते सोडवतं, त्यामुळे सुरुवातीच्या काही टाक्यांत फिल्टर पुन्हा पुन्हा तुंबतो. डिकीत एक जादा फिल्टर ठेवाच.

तिसरा परिणाम मिश्रणावर. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो आणि त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. इंजेक्शनच्या गाडीतला संगणक हे काही अंशी सांभाळून घेतो. कार्बोरेटरला ते कळत नाही. तो पूर्वीइतकंच सोडतो, आणि मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं. प्लग पांढरे दिसत असतील तर कार्बोरेटर जाणणाऱ्या मिस्त्रीकडून मुख्य जेट एक पायरी मोठा करून घ्या, आणि पुन्हा प्लगचा रंग तपासा. पेट्रोलमध्ये थोडं रॉकेल किंवा डिझेल मिसळा म्हणजे वाफ होणार नाही, असा सल्ला अजूनही ऐकू येतो. तो मानू नका. ऑक्टेन घसरतो, इंजिन ठोकायला लागतं आणि पिस्टन जातो.

इलेक्ट्रिक पंप लावावा का

टाकीजवळ छोटा इलेक्ट्रिक पंप बसवला की तो पेट्रोल ओढण्याऐवजी पुढे ढकलतो, आणि पाइपात दाब वाढल्यानं वाफ होत नाही. उपाय खरा आहे. तरी मी तो सगळ्यात शेवटी ठेवते, कारण चिरलेल्या पाइपावर हा पंप लावला की आधी जिथून हवा आत जात होती तिथून आता पेट्रोल बाहेर येतं, तेही सायलेन्सरच्या शेजारी.

वरच्या सगळ्या पायऱ्या झाल्यावरही गाडी थांबत असेल तरच लावा. कार्बोरेटरसाठी दोन ते चार पीएसआय (दाबाचं एकक) एवढाच दाब देणारा पंप हवा. इंजेक्शनच्या गाडीचा पंप चाळीसेक पीएसआय दाब देतो. तो लावला तर निडल उचलली जाऊन पेट्रोल कार्बोरेटरच्या तोंडातून ओसंडेल. वायरिंगमध्ये फ्यूज आणि रिले हवा, आणि अपघातात किंवा इंजिन बंद पडल्यावर पंप आपोआप थांबेल अशी सोय हवीच. इंजिनवरचा जुना पंप ओळीतच ठेवणार असाल तर त्याचा डायफ्राम नवा करा, कारण तो फाटला तर इलेक्ट्रिक पंप सगळं पेट्रोल ऑइलमध्ये भरत राहील.

चालवताना

विदर्भातून किंवा मराठवाड्यातून निघताना पहाटे निघा आणि अकरापर्यंत मोठा टप्पा संपवा. घाट दुपारी लागणार असेल तर पायथ्याशीच सावलीत थांबून इंजिन निवू द्या, चढावर थांबायची वेळ येऊ देऊ नका. चढताना एसी बंद. खालच्या गिअरमध्ये इंजिन थोडं मोकळं फिरू द्या. पंखा बेल्टवर असेल तर तोही त्या वेगानं फिरतो. वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत चढवलं तर उष्णता जास्त आणि वारा कमी.

मुक्कामाला पोहोचल्यावर लगेच चावी काढू नका. एक-दोन मिनिटं इंजिन हळू चालू ठेवा, मग बंद करा, आणि थोड्या वेळात पुन्हा निघायचं असेल तर बॉनेट उघडं ठेवा. ढाब्यावर मी गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून उभी करते.

सकाळी पेट्रोल भरलं की जास्त मिळतं, असा समज आहे. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिचं तापमान दिवसभरात फारसं बदलत नाही. त्यासाठी झोपमोड नको. जिथे खप जास्त आहे अशा पंपावर भरा, पेट्रोल ताजं मिळेल.

रस्त्यात बंद पडलीच तर

गाडी कडेला घ्या, धोक्याचे दिवे लावा, चाकांना दगड लावा, लहान मुलांना रस्त्यापासून दूर बसवा. मग बॉनेट उघडा. रेडिएटरचं झाकण उघडू नका.

पिचकारीची चाचणी करा. ओव्हर झालं असेल तर अॅक्सिलरेटर तळापर्यंत एकदाच दाबून धरा, पुन्हा पुन्हा पंप करू नका, आणि आठ-दहा सेकंद सेल्फ मारा. चोक अजिबात ओढू नका. नाही झाली तर अर्धा मिनिट सेल्फला विश्रांती द्या.

कोरडं असेल तर टाकीचं झाकण एकदा उघडून लावा. पंपावर आणि त्याच्या मागच्या नळीवर ओलं फडकं ठेवा, ते सुकलं की पुन्हा भिजवा. पाणी ओतू नका. तापलेल्या मॅनिफोल्डवर पडलं तर तो तडकू शकतो आणि डिस्ट्रिब्युटरमध्ये गेलं तर नवीच अडचण. वीस ते चाळीस मिनिटं द्या. पंपाला हातानं चालवायची छोटी कांडी असेल तर ती चालवून वाटी भरून घ्या. कांडीला जोरच लागत नसेल तर पंप बिघडलाय असं समजू नका. पंप हलवणारा इंजिनातला कॅम त्या वेळी पंपाला दाबून बसलेला असतो. इंजिन एक फेरा फिरवा, कांडी काम करायला लागेल.

बाटलीतून कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून गाडी सुरू करणारे अजून भेटतात. तापलेल्या इंजिनवर हे कुणालाही करू देऊ नका, कितीही घाई असली तरी. डिकीत माझ्याकडे एक-दोन किलोचं पावडरचं अग्निशामक असतं, पाच लिटर पाणी, दोन सुती फडकी, एक मीटर पाइप, सहा क्लिपा, फिल्टर आणि स्क्रू ड्रायव्हर. पेट्रोलचा जादा कॅन उन्हाळ्यात नेत नाही.

इंजेक्शनची जुनी गाडी असेल तर

एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनच्या, गाड्यांत पंप टाकीच्या आत असतो आणि दाब भरपूर, त्यामुळे व्हेपर लॉक क्वचितच. तिथे उन्हाळा पंपालाच मारतो. पंपाची मोटर भोवतीच्या पेट्रोलनंच थंड राहते, म्हणून टाकी चतुर्थांशाच्या खाली नेऊ नका. गरम असताना सुरू व्हायला वेळ लागत असेल तर चावी ऑन करून दोन-तीन सेकंद थांबा, बंद करा, पुन्हा ऑन करा, आणि मग सेल्फ मारा. यानं लगेच सुरू होत असेल तर पंपाचा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह किंवा एखादा इंजेक्टर गळतोय. दाब मोजून घ्या.

काम झाल्यावर परीक्षा

सगळं बसवून झालं की थंड इंजिन सुरू करून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. कुठे ओला झाला तर तो जोड पुन्हा. दुसऱ्या दिवशी दुपारी एक ते तीनच्या दरम्यान, शहरातल्या गर्दीतून तासभर चालवा. बंद करा, वीस मिनिटं उन्हात उभी ठेवा, सुरू करा. असं तीनदा करा. तिन्ही वेळा पहिल्या-दुसऱ्या सेल्फला घेतली तर घाटाच्या प्रवासाला काढा. एकदाही अडली तर पुन्हा टाकीच्या तोंडाशी जाऊन पहिल्या पाइपापासून सुरुवात करा.